कल्हईचा लॅपटॉप

जुन्या वस्तूंबद्दलचा मराठी घरांचा कायदा अगदी स्पष्ट आहे, फक्त तो कुठे लिहून ठेवलेला नाही. वस्तू आपल्या घरातली जुनी असेल तर ती वडिलोपार्जित आणि दुसऱ्याच्या घरातली असेल तर वापरलेली. आजीचं पितळी पातेलं आपण दिवाणखान्यात मांडतो, पण दुसऱ्या कोणाच्या आजीचं पातेलं फुकट मिळालं तरी आधी चिंच लावून तीनदा घासतो. पन्नास वर्षांची पैठणी, मुरलेलं लोणचं, वडिलांचं मनगटी घड्याळ यांना वयाचे गुण मिळतात. विजेवर चालणाऱ्या वस्तूंना ही सवलत नाही. त्यांना कोरं खोकं लागतं, खोक्यात थर्माकोल लागतो आणि पडद्यावर ती पातळ फिल्म लागते, जी काही घरांतून वस्तू मोडीत निघेपर्यंत काढली जात नाही.

या कायद्याशी माझी गाठ पडली ती दोन लॅपटॉपांच्या निमित्ताने. एक भाच्यासाठी आणि एक घरासाठी. आम्ही नोएडात राहतो. भाचा लातूरहून यूपीएससीची तयारी करायला दिल्लीत आलेला, मुक्काम अर्थातच ओल्ड राजेंद्र नगर. त्याचं बजेट पंचवीस हजार, त्यातले काही त्याच्या आईचे आणि काही माझे. घरचा लॅपटॉप बायकोला हवा होता. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशेब ती ठेवते आणि मोबाइलवर हिशेबाचे रकाने बघून तिचे डोळे दुखायला लागले होते. दोघांचीही कामं साधी: चार पानं टाइप करायची, पीडीएफ वाचायच्या, व्याख्यानं बघायची, घरच्यांशी बोलायचं. या कामांना चंद्रावर यान पाठवण्याची ताकद लागत नाही. तरीही प्रश्न पडलाच: नवा स्वस्त घ्यावा, की जुना चांगला?

बहिणीचा निकाल फोनवर ताबडतोब आला. "दादा, नवाच घे बरं का. लेकराच्या हातात कोणाचं तरी वापरलेलं नको."

लेकराच्या खोलीत मी गेलो होतो, म्हणून मला या वाक्याची गंमत वाटली. त्या खोलीत त्या लेकराखेरीज नवं काहीच नव्हतं. गादी आधीच्या मुलाची. तो मुलाखतीपर्यंत पोचून गावी परतला होता. कूलर त्याच्याही आधीच्या मुलाचा. टेबलाला तीन वेगवेगळ्या शाईंचे डाग. भिंतीवर राज्यघटनेच्या कलमांचा हाताने लिहिलेला तक्ता, आणि त्याचं अक्षर कोणाचं हे घरमालकालाही आठवत नव्हतं. पुस्तकांत आधीच्या मालकांनी मारलेल्या रेघा, लाल आणि हिरव्या. लाल रेघेवाल्याला सगळंच महत्त्वाचं वाटलेलं दिसत होतं. नोट्स बडा बझार मार्गावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या, कुठल्याशा वर्षीच्या गुणवंताच्या.

"एवढं सगळं जुनं चालतं, मग लॅपटॉपच का नवा?" मी विचारलं.

"मामा, नोट्सचं वेगळं असतं," तो गंभीरपणे म्हणाला. "त्या पास झालेल्या माणसाच्या असतात."

मुद्दा बिनतोड होता. वस्तू वापरलेली असण्याला हरकत नव्हती, ती कोणी वापरली हा प्रश्न होता. आणि या प्रश्नाचं उत्तर मिळण्याची दिल्लीत एकच जागा आहे.

नेहरू प्लेस. व्हायोलेट लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. राजेंद्र नगरहून यायचं तर मंडी हाउसला गाडी बदलावी लागते. एका बाजूला कालकाजीचं मंदिर, दुसऱ्या बाजूला कमळाच्या आकाराचं बहाई मंदिर आणि जवळच हा तिसऱ्या धर्माचा उंच चौथरा, त्याच्याभोवती काँक्रीटच्या जुन्या इमारती. दिल्ली विकास प्राधिकरणाने हे केंद्र उभारलं तेव्हा कार्यालयं डोळ्यांसमोर होती. कार्यालयं आली, त्यांच्यामागून कॉम्प्युटर आले आणि मग कॉम्प्युटरांनी जागाच ताब्यात घेतली. अमेरिकी सरकारच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने चोरीच्या सॉफ्टवेअरसाठी या बाजाराचं नाव 'कुप्रसिद्ध बाजारां'च्या यादीत घातलं होतं. अशी आंतरराष्ट्रीय कीर्ती सगळ्याच बाजारांच्या नशिबी नसते. कॉम्प्युटरांच्या अधूनमधून कापडाची मोठी दुकानंही आहेत. नवरा मदरबोर्ड बघत असताना बायको पडद्यांचं कापड बघू शकते, ही सोय बंगळूरलाही असेल असं वाटत नाही.

इमारतींची नावं मात्र फार रसिक आहेत: देविका टॉवर, हेमकुंट चेंबर्स आणि चक्क मेघदूत. रामटेकच्या यक्षाला निरोप पाठवायला ढग मिळाला तो भाड्याशिवाय. हल्ली आपण फोटो ढगात ठेवतो आणि दरमहा भाडं भरतो. ते भरायला लागणारं यंत्र मेघदूतच्या आसपास दुरुस्त होतं, हा योगायोग कालिदासाला आवडला असता.

मेट्रोतून बाहेर पडून चौथऱ्यावर पाऊल टाकलं की आवाज सुरू होतात. "सर, लॅपटॉप? प्रिंटर? स्क्रीन टूटी है? बॅटरी?" भाचा घाबरून माझ्या मागे चालायला लागला. मला मात्र इथे प्रसन्न वाटतं. मॉलमध्ये सगळ्या वस्तू धडधाकट असतात आणि माणसं थकलेली. इथे उलट आहे. पायऱ्यांवर बसलेला एक मुलगा मोबाइलच्या उजेडात कोणाच्या तरी मशीनचं पोट उघडून बसलेला असतो आणि मालक बाजूला उभा राहून, शस्त्रक्रिया चालू असलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसा बघत असतो.

आम्ही एका गाळ्यात शिरलो. मांडणीवर काळे लॅपटॉप पुस्तकांसारखे उभे लावलेले. दुकानदाराने एक काढून पुढे ठेवला. "सर, कॉर्पोरेट का माल है. एकदम मक्खन."

हे वाक्य ऐकून भाच्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे फसवणूक सुरू झाली का अशा अर्थाने. पण त्यातला निम्मा भाग अगदी खरा असतो. गुरुग्राम, नोएडा, बंगळूर इथल्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना लॅपटॉप देतात ते बरेचदा भाडेपट्टीने, तीन-चार वर्षांसाठी. मुदत संपली की यंत्रं परत जातात, मग ती चालोत न चालोत. शेकड्यांनी मशीन एकदम बाहेर पडतात. त्यांचा 'लॉट' होतो, लॉट व्यापाऱ्यांकडे जातो. तिथे आतली माहिती पुसली जाते, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसते, गळालेली बॅटरी बदलली जाते, वरच्या ओरखड्यांवर स्किन चिकटते आणि शेवटी 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' असा शेरा मिळतो. हा शेरा साधारण रूपाला असतो, गुणाला नसतो. स्थळांच्या जाहिरातींची सवय असलेल्या समाजाला हे वेगळं समजवावं लागू नये.

मला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटला तो कल्हईमुळे. दारात भाता लावून बसणारा कल्हईवाला पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने एकच हात असा मारायचा की काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. त्यानंतर त्यात ताक कळकत नसे. ते पातेलं जुनं आहे अशी तक्रार कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. मात्र आई प्रत्येक भांडं उजेडात धरून, आत बोट फिरवून बघायची आणि कोपरा सुटला असेल तर परत भात्यावर धाडायची. कल्हईवर तिचा विश्वास होता, कल्हईवाल्यावर तेवढा नव्हता. जुना लॅपटॉप घेण्याचं सगळं शास्त्र या फरकात आहे.

तर बोट कुठे फिरवायचं? पहिल्यांदा नावावर. दुकानदार म्हणतो "आय-फाइव्ह है सर," आणि गिऱ्हाईक विरघळतं. पण आय-फाइव्ह हे घराण्याचं नाव झालं. पिढी कोणती हे पुढच्या आकड्यांत असतं. ४३०० म्हणजे चौथी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, ११३५ म्हणजे अकरावी. आठव्या पिढीपाशी एक रेघ मारून ठेवावी. त्या पिढीत, म्हणजे २०१७च्या सुमारास, इंटेलने हलक्या लॅपटॉपांमधल्या आय-फाइव्हला दोनाऐवजी चार कोअर दिले. आणि २०२१ साली विंडोज ११ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही प्रवेशाची रेघ जवळपास तिथेच ओढली. त्याआधीच्या बहुतेक यंत्रांना अधिकृतपणे दार बंद. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची पुष्कळ धडधाकट मशीन एका तारखेने म्हातारी झाली. काल चालत होती, आजही चालतात, पण सरकारी नोकरासारखी वयोमर्यादेने निवृत्त. त्यांच्यावर लिनक्स टाकलं तर ती आणखी काही वर्षं आनंदाने काम करतील. पण लातूरहून आलेल्या मुलाला एकाच वेळी राज्यघटना आणि लिनक्स शिकायला सांगणं मला पटलं नाही.

दुसरं बोट बॅटरीवर. विंडोजमध्ये एक आज्ञा आहे, पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट अशी. ती टाकली की यंत्र स्वतःचा अहवाल लिहून देतं: जन्माच्या वेळी बॅटरीत किती मावत होतं आणि आता भरून भरून किती मावतं. मी ती टाइप करायला सांगितली तेव्हा दुकानदाराचा सूर बदलला. "सर आयटी में हैं क्या?" मी नाही म्हटलं. तेव्हापासून त्याने 'मक्खन' हा शब्द वापरला नाही.

मग तळाशी असलेला सर्व्हिस टॅग. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की मशीन कारखान्यातून कधी निघालं आणि त्याची हमी कधी संपली हे कळतं. जन्मतारीख पत्रिकेवर वेगळी आणि तोंडावर वेगळी असण्याचा प्रश्नच येत नाही. मग बायोसला पासवर्ड नाही ना, आधीच्या कंपनीचं कुलूप कुठे राहिलेलं नाही ना, हे बघायचं. नाहीतर एखाद्या सकाळी आपला लॅपटॉप आपल्याकडेच ओळखपत्र मागतो. मग पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर दाब पडल्याचे डाग आहेत का ते. मग बिजागरी, कॅमेरा, माइक, प्रत्येक यूएसबी. आणि शेवटी जीएसटीचं बिल आणि दुकानाची लेखी हमी, कारण तोंडी हमीची मुदत चौथरा उतरेपर्यंतच असते.

या तपासणीत एक सुख अनपेक्षित मिळतं. कळफलक बघितला की आधीच्या मालकाचं थोडंसं चरित्र वाचता येतं. एका मशीनवर कंट्रोल, सी आणि व्ही एवढ्याच कळा गुळगुळीत झालेल्या होत्या. तो सल्लागार असणार. दुसऱ्यावर बॅकस्पेस पार झिजलेली, म्हणजे वरिष्ठांना पत्र लिहिणारा कोणी भिडस्त माणूस. एकावर जर्मन कळफलक होता, वाय आणि झेडची अदलाबदल झालेला. भाच्याला तो अडचणीचा वाटला. मला नाही वाटला, कारण देवनागरी इन्स्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्याला कळीवर काय छापलंय याच्याशी तसंही काही घेणंदेणं नसतं.

भाच्याच्या मनात बसला तो एक काळाकुट्ट थिंकपॅड, मधोमध लाल ठिपक्याचा. हा वंश जुना. आयबीएमने १९९२ साली आणला, २००५ मध्ये तो सगळा व्यवसाय लेनोवोने घेतला, तरी चेहरा फारसा बदलला नाही. रिचर्ड सॅपर या जर्मन आरेखनकाराने त्याचं रूप ठरवताना जपानी जेवणाचा डबा डोळ्यांसमोर ठेवला होता: बाहेरून साधा काळा, आत काय आहे ते उघडल्यावरच कळावं. असली व्यवसायासाठी केलेली मशीन, थिंकपॅड काय, लॅटिट्यूड काय, एलिटबुक काय, मुळात महाग असतात, कारण ती विकत घेणाऱ्या कंपनीला ती रोज हजार माणसांच्या हाती द्यायची असतात. म्हणून बिजागरी दणकट, बरीचशी उघडून दुरुस्त करता येतील अशी, काहींच्या कळफलकाखाली सांडलेला चहा वाहून जायला वाटही असते. चहा कोणत्या दर्जाचा सांडला जाईल हे त्यांनी विचारात घेतलं नसेल, पण राजेंद्र नगरचा चहा कुठूनही वाहतो.

एवढं झाल्यावर बहिणीला न्याय द्यायचा म्हणून आम्ही नवे लॅपटॉपही बघायला गेलो, नोएडातल्या एका मोठ्या शोरूममध्ये. बायकोही बरोबर आली. इथे गारवा होता, गाणी होती, आणि विक्रेता मुलगा इतका नम्र की त्याला प्रश्न विचारायचा संकोच वाटावा. पंचवीस हजारांच्या आत एक चंदेरी लॅपटॉप होता, पातळ, सुरेख, खोक्यासकट नवा. भाच्याचे डोळे चमकले. मी बाजूची माहितीची चिठ्ठी वाचली. सेलेरॉन, दोन कोअर. चार जीबी रॅम. साठवण चौसष्ट जीबी, ईएमएमसी.

सेलेरॉन हे नाव इंटेलने १९९८ पासून स्वस्त यंत्रांसाठी राखलं होतं आणि २०२३ पासून नव्या लॅपटॉप प्रोसेसरवरून काढूनही टाकलं. बनवणाऱ्याने सोडलेलं नाव खोक्यांवर मात्र नांदत राहिलं. ईएमएमसी म्हणजे मोबाइलमध्ये असते तशी, बोर्डावरच जोडून टाकलेली साठवण. एसएसडीपेक्षा बरीच हळू. चौसष्टमधली मोठी जागा विंडोज स्वतःच व्यापतं, आणि मग अद्ययावत व्हायचं म्हटलं की पाहुणा आल्यावर यजमानाने गच्चीवर झोपायला जावं अशी पाळी येते. रॅमही बऱ्याचदा बोर्डालाच चिकटवलेली. पुढे वाढवायची सोय नाही. म्हणजे कागदोपत्री हा लॅपटॉप आज जन्मला होता, पण जन्मतःच त्याची पेन्शनची कागदपत्रं तयार होती. सात वर्षांपूर्वीचा तो काळा डबा त्याच्यापेक्षा वेगाने चालत होता.

तिथे मला कळलं की पंचवीस हजारांच्या दुनियेत नवं आणि जुनं ही विभागणी कामाची नाही. पैसे कुठे वाचवलेत, एवढाच प्रश्न आहे. स्वस्त नव्यात ते कारखान्यातच वाचवलेले असतात: बिजागरीत, पडद्यात, साठवणीत, जिथे आपल्याला दिसत नाही तिथे. जुन्यात ते काळाने वाचवलेले असतात आणि काळाने काय खाल्लं ते ओरखड्यांवर, बॅटरीवर, झिजलेल्या कळांवर उघड लिहिलेलं असतं. नव्याचा कमकुवतपणा फिल्मखाली झाकलेला, जुन्याचा चारचौघांत मांडलेला. नवं घेताना आपण जे जास्तीचे पैसे भरतो ते मुख्यतः चौकशी न करण्याच्या हक्काचे असतात. खोकं बघितलं की आपण प्रश्न विचारणं थांबवतो.

हा हक्क फुकाचा नाही, हे मान्य केलंच पाहिजे. नव्याला बॅटरी कोरी मिळते, कंपनीची एक वर्षाची हमी मिळते, बिघडलं तर जबाबदारी कोणाची याबद्दल वाद नसतो. ज्याच्या गावापासून दुरुस्तीवाला लांब आहे, ज्याच्याकडे दुपार घालवून बॅटरीचा अहवाल वाचायला वेळ नाही, ज्याला दहा-बारा हजार जास्त घालून बाराव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असलेला नवा परवडतो, त्याने नवाच घ्यावा आणि जुन्याच्या गोष्टी सांगणाऱ्या मामांपासून लांब राहावं. पैसे घट्ट असतील, हिंडायची तयारी असेल आणि शहरात नेहरू प्लेस असेल, तर जुन्याची बाजू भारी पडते.

दिल्लीने या बाबतीत कधी सोवळं पाळलेलंही नाही. निजामुद्दीनजवळ अब्दुल रहीम खानखानाची कबर आहे, ज्याचे दोहे आपण शाळेत हिंदीच्या पुस्तकात वाचले. अठराव्या शतकात तिचे संगमरवर उपसून सफदरजंगच्या मकबऱ्याला लावले गेले. सफदरजंग १७५४ साली गेला, त्याची इमारत अशी चांगल्या घरातल्या सुट्या भागांवर उभी राहिली. रहीमच्या कबरीची डागडुजी व्हायला २०२० साल उजाडलं. आपण मराठी माणसांनी तर नाकं मुरडायचं कारण नाही. सदाशिवराव भाऊंनी १७६० साली दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या खर्चाला पैसे नव्हते. त्यांनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढलं आणि त्याचे रुपये पाडले. बजेट कमी पडल्यावर जुन्याला हात घालणारा दिल्लीतला मी पहिला मराठी माणूस नाही, एवढंच मला म्हणायचंय. पुढे पानिपत झालं, पण ते काही छतामुळे झालं नाही.

आणि जुनी मशीन कोणी घेतलीच नाहीत, तर ती जातात कुठे? यमुनेपलीकडे सीलमपूरमध्ये. देशभरातला इलेक्ट्रॉनिक कचरा तिथल्या गल्ल्यांत येऊन सुटा होतो. लॅपटॉप मेला की त्याच्या वायरींतलं तांबं, बोर्डांवरचे धातू हातांनी, कधी आगीने, कधी आम्लाने काढले जातात, आणि त्याचा धूर कोणाच्या तरी छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दुरुस्त करून विकणाऱ्यांनीही नोंदणी करावी असं त्यांत आहे. शिवाय लॅपटॉप आयुष्यभरात पर्यावरणाला जो भार देतो त्यातला मोठा भाग तो तयार होतानाच दिलेला असतो, वीज जाळून नव्हे. तयार झालेलं मशीन आणखी चार वर्षं वापरणं ही त्यामुळे काटकसरीइतकीच भली गोष्ट आहे. अर्थात भाच्याला मी हे सांगितलं नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी कोणी आपल्या गरजेला पर्यावरणाचं नाव दिलं की संशय येतो.

तर तो थिंकपॅड आम्ही घेतला. आठवी पिढी, आठ जीबी, नवी एसएसडी, बदललेली बॅटरी, सहा महिन्यांची लेखी हमी. पंचवीस हजारांतून उरलेल्या पैशांत एक चांगली खुर्ची आली. परीक्षेला बसणाऱ्याला प्रोसेसरपेक्षा पाठीचा कणा जास्त लागतो.

बहिणीला फोन मीच केला आणि खरं ते सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तिने विचारलं, "कोणाचा होता?"

"गुरुग्रामच्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीतला. पंचवीस-तीस लाखांच्या नोकरीवाल्याचा असेल."

"मग असू दे," ती म्हणाली. "शनिवारी नाही ना घेतला?"

भाच्याने मागून हळूच पुस्ती जोडली, "मामा, म्हणजे पास झालेल्या माणसाचाच की."

बायकोने मात्र नवा घ्यायचा ठरवला आणि तिची कारणं माझ्या सगळ्या शास्त्राहून सरळ होती. मंडळाच्या हिशेबाचं यंत्र ऐन चतुर्थीला बसलं तर नेहरू प्लेसला कोण पळणार? मी पळणार नाही, हे तिला माहीत होतं. पण आधीच्या फेरीत ती नुसती गारव्याला आली नव्हती. त्याच शोरूममध्ये त्याच नम्र मुलासमोर ती उभी राहिली आणि विचारू लागली: रॅम चिकटवलेली आहे की वाढवता येते? साठवण एसएसडी की ईएमएमसी? पिढी कितवी? बॅटरी बदलायला काय पडेल? हमी घरी येऊन आहे की आपण न्यायचं? पडदा बाजूने बघितला तर रंग का उडतात?

मुलाने खोकं उलटंसुलटं करून बघितलं, मग व्यवस्थापकाला बोलावलं, व्यवस्थापकाने कोणाला तरी फोन लावला. दोन मॉडेलं या चौकशीत बाद झाली. तिसरं उत्तीर्ण झालं, जरा महाग, दिसायला सर्वांत साधं. पैसे देताना व्यवस्थापकाने तिला आदराने विचारलं, "मॅडम, आप नेहरू प्लेस से हैं?"

ती हो म्हणाली. मला वाटतं, पावती त्यानंतरच थोडी कमी झाली.